चौथा पाय

आमच्या गड्ड्या कुत्र्याला पाय चार आहेत, पण त्याचा विश्वास तिघांवरच. मागचा उजवा पाय कधीतरी मोडला, मग प्लास्टर वगैरे काही नाही, आपला आपण वाकडातिकडा जुळला, आणि पठ्ठ्याने तो वर उचलून ठेवला तो ठेवलाच. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ सापडला म्हणून नाव गड्ड्या. आणला पुतणीने. "काका, थोडेच दिवस हं." पुतणी आता पुण्यात नोकरी करते.

डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, हाड वाकडं आहे पण भक्कम आहे, ऑपरेशनची गरज नाही, भानगड मांडीत आहे. वापरच नाही म्हणून स्नायू आटलेत. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवरच असतं, त्यामुळे मागचा एक रजेवर गेला तरी कारभार सुरळीत चालतो. आमचा तर तीन पायांवर मांजरीमागे असा सुटतो की चौथ्याची आठवण त्याला कोण करून देणार? तर ते काम माझ्याकडे आलं. "पळवू नका, पळताना तो पाय उचलतो. हळू चालवा. इतकं हळू की पाय टेकावाच लागेल."

हळू म्हणजे किती हळू हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. वरातीत घोड्यापुढे लोक चालतात ना, तसं, फक्त बँड नाही. मी जरा लांब पाऊल टाकलं की हा लगेच पाय वर घेऊन लंगडी घालायला लागतो, मग थांबा, परत सुरू करा. त्यात मे महिना, पारा चाळीसच्या वर, आठ वाजले की डांबरावर पंजे भाजतात, म्हणजे पहाटे उठणं आलं. आमच्या जुळे सोलापुरात पहाटे वॉकवाले इतके, की त्यातला कुणीही मला दोनदा ओव्हरटेक करून तिसऱ्यांदा थांबतोच. "काय बे, कुत्रं फिरवायलास का झोपेत चालायलास?"

आणि मग सल्ला. एरंडेल लाव, हळद-मीठ शेक, अमक्या गावच्या हाडवैद्याला दाखव. कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या कट्ट्यावर बसणाऱ्या काकांनी तर खिशातून स्वतःची गुडघ्याची गोळी काढली, "अर्धी दे की, काय होत नाही." आयब्युप्रोफेन होती. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते आणि किडनी घालवते, हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग मी कसा धडधाकट?" यावर काय बोलणार.

घरात वेगळीच तऱ्हा. फरशी गुळगुळीत, त्याच्या पायाखाली पकड हवी. मी कपाटातली जुनी सोलापुरी चादर काढून अंथरली, आई बघतच राहिली, आणि गड्ड्या त्यावर चढल्या चढल्या चादर कुत्र्यासकट घसरत टीव्हीच्या टेबलाला जाऊन लागली. चादरीला जीआय टॅग, म्हणजे अस्सल सोलापुरी असल्याचा सरकारी शिक्का आहे, पण टॅगला ग्रिप नसते. आता हॉलभर रबरी मॅट आहेत, आणि पाहुणे आले की बालवाडी काढली का विचारतात.

मग शेक. गरम पाण्याची पिशवी मांडीला लावायची आणि एकेक सांधा हळूच वाकवून सरळ करायचा. आईचं ठाम मत की याचा गुडघा उलटा बसलाय, म्हणूनच चालत नाही. अगं, ती टाच आहे, कुत्र्याची टाच तिथे वरच असते, गुडघा पार मांडीजवळ. "सगळ्या कुत्र्यांचा?" सगळ्या. तिने खिडकीतून गल्लीतली कुत्री नीट निरखून घेतली, मग पटलं.

पाण्यात चालवा, असंही डॉक्टर म्हणाले. पाणी खुब्यापर्यंत असलं की पायांवर जेमतेम ३८ टक्के वजन येतं. मी त्यांच्याकडे नुसतं बघत राहिलो. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात माणसांची आंघोळ बसवायची मारामार. मामाच्या शेततळ्याचा विषय निघाला, तो मीच मोडून काढला, त्या प्लास्टिकच्या कागदावरून चार धड पायांच्या कुत्र्यालाही वर येता येत नाही. विहिरीवरच्या हौदात प्रयोग केला. गड्ड्या हौदाबाहेर उडी मारून गेला. तीन पायांवर.

खाली आडव्या नळ्या ठेवून त्यावरून चालवायचं, म्हणजे पाय मुद्दाम उचलून टाकावा लागतो, हा एक व्यायाम. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेहुणा आहे, त्याने तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या दिल्या. गड्ड्याने पहिली चावून संपवली. दुसरी ओलांडली, कारण पलीकडे कडक भाकरीचा तुकडा होता. वजन वाढू देऊ नका अशी ताकीद आहे, पण लंगडतो म्हणून अख्खी गल्ली त्याला खायला घालते आणि तोही दूधवाल्याच्या दारात जरा जास्तच लंगडतो.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललो नव्हतो. हा खांबापाशी कायम उजवाच पाय वर करायचा. करणारच, तो वरच असतो. डावा वर करायचा तर सगळा भार उजव्यावर घ्यावा लागेल. आणि परवा शेजाऱ्यांच्या कोऱ्या स्कूटरच्या चाकाशी गड्ड्या थांबला, हुंगलं, डळमळला, आणि डावा पाय वर. डावा! मी ओरडलो, आई धावत आली, तिने टाळ्या वाजवल्या, शेजारी बाहेर आले तर आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरचं ओलं चाक बघून नाचतोय.

व्हिडिओ डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "उत्तम. आता खांब रोज डाव्या हाताला येतील असं फिरवा." आमच्या गल्लीत खांब एकाच बाजूला आहेत. म्हणजे उलटीकडून यायचं. म्हणजे सुरुवातच काकांच्या कट्ट्यापासून.