तक्रारी : शून्य

खाण कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘स्थानिक समुदाय, आलेल्या तक्रारी : 0, प्रलंबित : 0’ अशी ओळ दिसली की बऱ्याच गुंतवणूकदारांना बरं वाटतं. वाटू नये. रोज सुरुंग उडतात, रात्रंदिवस डंपर धावतात, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं आणि वर्षभरात एकाही गावाची तक्रार नाही? सोसायटीच्या तक्रारवहीची पानं वर्षभर कोरी असली तर आपण लगेच ओळखतो, की वही सेक्रेटरीच्या कपाटात कुलूपबंद आहे.

मुंबईकरांना यात पडायचं कारण काय, असं कुणी विचारेल. निफ्टी 50 चा साधा इंडेक्स फंड घेतला तरी ओएनजीसी आणि कोल इंडिया आपोआप पदरात येतात. एसआयपी चालू असलेला जवळजवळ प्रत्येकजण खाणीचा आणि तेलविहिरीचा बारीकसा मालक आहे. मालकाने हिशेब तपासावा, एवढंच म्हणणं आहे.

हिशेब बघायचा तो बीआरएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालात (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट). बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून हा अहवाल सक्तीचा केला आहे. वार्षिक अहवालाच्याच पीडीएफमध्ये तो सापडतो. सुरुवातीलाच एक प्रश्न असतो : माहिती फक्त कंपनीची की उपकंपन्या धरून? ‘स्टँडअलोन’ असं उत्तर असेल आणि खाणी उपकंपन्यांच्या नावावर असतील, तर पुढचे सगळे आकडे हेड ऑफिसचे समजायचे. इथेच निम्मे अहवाल निकालात निघतात.

मग समुदायाच्या तक्रारींची ओळ. तिथे तक्रार यंत्रणेची लिंक द्यावी लागते. ती उघडून बघाच. अनेकदा ती व्हिसलब्लोअर धोरणाच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीच्या नियमांच्या, इंग्रजी पीडीएफवर नेऊन सोडते. गडचिरोलीतल्या माडिया आदिवासी बाईने ती वाचून ईमेल करावा, अशी अपेक्षा दिसते! संयुक्त राष्ट्रांच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, 31 व्या तत्त्वात, तक्रार यंत्रणेच्या आठ कसोट्या दिल्या आहेत. त्यातली एक साधी आहे : ज्यांच्यासाठी यंत्रणा आहे त्यांना ती माहीत हवी आणि भाषा, अक्षरओळख, खर्च, अंतर किंवा सूडाची भीती आड येता कामा नये. या एकाच कसोटीवर बहुतेक लिंक नापास होतात.

तक्रारी गायब होण्याची आणखी एक वाट आहे. गावकरी खाणीच्या गेटवर येऊन सांगतात की विहीर आटली. त्याची नोंद तक्रार म्हणून होतच नाही. सीएसआर, म्हणजे सामाजिक उपक्रमांच्या विभागाकडे ती ‘टँकरची मागणी’ म्हणून जाते. पुढच्या वर्षी अहवालात टँकरचा रंगीत फोटो छापून येतो, खाली ‘जलसेवा उपक्रम’. नुकसानीचं रूपांतर उपकारात झालेलं असतं आणि तक्रारींच्या रकान्यातला शून्य तसाच राहतो.

पडताळणी घरबसल्या करता येते. मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. तिची नोटीस 30 दिवस आधी द्यावी लागते आणि पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करावं लागतं. कोणी काय आक्षेप घेतला आणि कंपनीने काय उत्तर दिलं, हे अंतिम पर्यावरण अहवालात येतं आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळतं. ते इतिवृत्त आणि बीआरएसआर शेजारी ठेवून वाचा. सुनावणीत भिंतींना तडे, धूळ आणि गेलेली वाट यांवर लोक तासभर बोलले असतील आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शून्यच येत असेल, तर प्रश्न तयार झाला. विस्तार प्रकल्पांना कधीकधी सुनावणीतून सूट मिळते. तिथे मंजुरीच्या अटींचे सहामाही अनुपालन अहवाल शोधावेत. ते दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावे लागतात.

सुरक्षेच्या तक्त्यात एलटीआयएफआर नावाचा आकडा असतो. ज्या अपघातांमुळे कामाचा वेळ बुडाला त्यांची संख्या गुणिले दहा लाख, भागिले कामाचे एकूण तास. 1.2 कोटी तासांत 6 अपघात म्हणजे 0.5. हा आकडा खाली आणणं सोपं आहे. बोटं चेंगरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून गेटवर रजिस्टर लिहायला बसवलं की ‘वेळ बुडाला’ नाही. म्हणून या दराला भुलू नका. त्याच तक्त्यात मृत्यू आणि गंभीर इजांचे थेट आकडे असतात, ते आधी बघा. आणि ‘कामगार’ या ओळीत कंत्राटी माणसं खरोखर धरली आहेत का, हे पहिल्या भागातल्या कायम आणि कायम नसलेल्यांच्या संख्येशी ताडून बघा.

कंत्राटाचं म्हणाल तर उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. सेबीने बीआरएसआरचा नमुना जाहीर केला 10 मे 2021 रोजी. बरोबर सात दिवसांनी, 17 मे रोजी, तौक्ते वादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-305 हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज (तराफ्यासारखं जहाज) बुडाला. त्यावर 261 माणसं होती, 70 हून अधिक गेली. नातेवाईक जेजेच्या शवागाराबाहेर डीएनए चाचणीच्या निकालाची वाट बघत होते. तेल एका कंपनीचं, काम दुसरीच्या कंत्राटात, बार्ज तिसरीचा, आणि त्याखाली पोटठेकेदार. असा मृत्यू कोणाच्या तक्त्यात, कोणत्या ओळीत मोजायचा? नमुन्यात याचं थेट उत्तर नाही. माझ्या मते ज्याच्या तेलासाठी माणूस समुद्रावर गेला, त्याच्याच तक्त्यात तो मोजला गेला पाहिजे.

सामाजिक परिणामांच्या किंवा पुनर्वसनाच्या तक्त्यात ‘लागू नाही’ लिहिलेलं असेल तर ते खोटंच असेल असं नाही. कायद्याने ती सोय करून दिली आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, पण चौथ्या परिशिष्टातल्या 13 कायद्यांना त्यातून वगळलं. कोळशाच्या जमिनींसाठीचा 1957 चा कायदा त्यात आहे. तेल-वायूच्या पाइपलाइनचा 1962 चाही आहे. त्याखाली जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि वापरहक्कापोटी बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात. त्या पट्ट्यावर मग घर नाही, विहीर नाही, एक आंब्याचं कलमही लावता येत नाही. सातबारा शाबूत, त्यामुळे ‘प्रकल्पग्रस्त’ या मोजणीत हा शेतकरी सहसा येत नाही.

आणि सगळ्यात कळीचा प्रश्न, मानवाधिकारांची सखोल तपासणी केली का आणि कुठवर, तो ऐच्छिक भागात टाकलेला आहे. सक्तीच्या भागात विचारतात की किती टक्के ठिकाणांचं मूल्यांकन झालं. तिथे ‘100 टक्के, कंपनीने स्वतः’ असं लिहिलं तरी रकाना भरतो. सेबीला बदल करायचाच असेल तर इथून सुरुवात करावी.

तोवर एजीएम, म्हणजे भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. एक शेअर पुरतो. नोटीस किमान 21 दिवस आधी येते. ऑनलाइन सभा असेल तर वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची मुदत त्यातच दिलेली असते आणि ती सभेच्या बऱ्याच आधी संपते. ‘मानवाधिकारांबद्दल कंपनी काय करते’ असं मोघम विचारलंत तर दोन मिनिटांचं भाषण ऐकायला मिळेल. खाणीचं नाव घेऊन विचारा : इथे तोंडी तक्रार कोण लिहून घेतं, कोणत्या भाषेत, आणि पोच देतात का? गेल्या वर्षी त्या वहीत किती नोंदी झाल्या? पोटठेकेदाराचा माणूस गेला तर तो आपल्या आकड्यात येतो का? हेच प्रश्न आधी कंपनी सेक्रेटरीला ईमेलने पाठवून ठेवा, म्हणजे ‘माहिती आत्ता हाताशी नाही’ म्हणायची सोय राहत नाही.