शाकाहारी बेकन

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ आणायच्या जेवणात, माझ्या ट्रेसमोर कुणीतरी एक कार्ड उभं करून ठेवलं. कार्डावर माझं नाव, नावाखाली हिरव्या स्केचपेनने काढलेलं एक पान, आणि पानाखाली 'व्हेजिटेरियन'.

ट्रेमध्ये बेकन होतं. रात्री पावणेदोनपर्यंत जागून मी केलेलं.

नावाचं स्पेलिंग मात्र बरोबर होतं. ते अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

हे पान अचानक उगवलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी, न्यू जर्सीच्या या ऑफिसात रुजू झालो त्या आठवड्यात, जेवणाच्या मीटिंगला एका बाईंनी माझ्या हातात वेगळा डबा ठेवला होता. आत गार रॅप, रॅपमध्ये हमस, किसलेलं गाजर आणि पावसात सापडल्यासारखा पालक. नवीन माणूस, म्हणून मी 'थँक यू' म्हटलं. तिथेच माझा सातबारा झाला. तेव्हापासून दर मीटिंगला बाकीचे टर्कीचं, रोस्ट बीफचं सँडविच उचलतात आणि बाई माझा डबा घेऊन लांबून येतात, खास तुमच्यासाठी असं म्हणत. इतक्या प्रेमाने, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मी साताऱ्याचा. आमच्या घरी रविवारी मटण चुकलं तर वडील पेपरसुद्धा उघडत नसत. वसईचा एक रूमपार्टनर नाताळची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परतताना आईच्या हातचं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, आणायचा, ते तीन दिवस मुरलं की आणखी चांगलं लागतं हे शिकण्यात माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष गेलं. आणि मला गाजर!

तर पॉटलकचा कागद फिरला तेव्हा मी माझ्या नावापुढे 'कँडीड बेकन' असं लिहिलं. प्रतिज्ञापत्रावर सही करावी तसं.

प्रकार साधा आहे, म्हणजे व्हिडिओत साधा आहे. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या खारवून धुरी दिलेल्या पट्ट्या. त्या जाळीवर मांडायच्या, खाली ट्रेला फॉइल लावायची, वर ब्राऊन शुगर, मिरपूड आणि चिमूटभर लाल तिखट चोळायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. चरबी वितळून खाली जाते, साखर वितळून वर राहते, गार झालं की खारट-गोड-तिखट कुरकुरीत काचेसारखी पट्टी. व्हिडिओतल्या मुलीने हे पांढरा शर्ट घालून केलं. मी एकेका पौंडाची चार पाकिटं आणली, अठ्ठेचाळीस पट्ट्या.

अडचण एकच होती. घरात सासू-सासरे होते.

सासूबाईंनी अटी संध्याकाळीच सांगितल्या. माझ्या कढईला हात लावायचा नाही, देवाच्या खोलीचं दार बंद राहील, आणि ते जे काही आहे त्याचं नाव घ्यायचं नाही. मग त्या वर जाऊन झोपल्या. बायकोचा रात्रीचा कॉल होता. उरले मामा.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला पंढरपूर, अंड्याचा केकसुद्धा नाही. पण मामांनी चौतीस वर्षं कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात काढली, तीही बॉयलिंग हाऊसला, आणि चीफ केमिस्ट म्हणून रिटायर झाले. माळ म्हणत होती वर जा. पण टेबलावर साखर होती.

त्यांनी मार्ग काढला. एक खुर्ची उचलली, ओव्हनकडे पाठ करून फ्रीजसमोर मांडली आणि बसले.

"चालू द्या जावईबापू. मी काही बघत न्हाई."

बघत नव्हते, पण साखरेचं पाकीट हातात घेतलं होतं. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.

"शुगर, मोलॅसिस. म्हणजे साखर आणि मळी?"

"हो मामा. पांढऱ्या साखरेत थोडी मळी घालतात. या फिकट साखरेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास, गडद असेल तर साडेसहा."

मामा बराच वेळ फ्रीजकडे बघत राहिले.

"मी चौतीस वर्षं साखरेतनं मळी काढली," ते म्हणाले. "सेंट्रिफ्यूगलला फिरवून फिरवून काढली. रात्रपाळ्या केल्या. आणि ही माणसं ती परत घालतात?"

"चव येते त्याने."

"मळी आमच्याकडं डिस्टिलरीला जाते. ह्याचं पैसे जास्ती घेतात का कमी?"

"थोडे जास्त."

यावर त्यांनी पाकीट टेबलावर पालथं घातलं. मग इथली साखर उसाची की कशाची, असं विचारलं. इथे तयार होणाऱ्या साखरेतली निम्म्याहून जास्त बीटाची असते हे मी सांगितलं ते चुकलंच. बीट म्हणजे कोशिंबिरीतलं का, इथपासून सुरुवात झाली. नाही, पांढरं असतं, मोठं असतं, वेगळं असतं. मामांना हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण जावयाच्या तोंडून ऐकायचं होतं, असा मला अजून संशय आहे.

साखर किती, या प्रश्नावर मी 'एक कप, दाबून भरलेला' म्हणालो.

"कप कुठला? चहाचा?"

"इथला मापाचा."

"साखर वजनानं मोजायची असते. कपानं मोजतात ती शेजारच्या घरनं आणलेली."

पहिला घाणा मी ४०० वर लावला. व्हिडिओतल्या मुलीने ३७५ सांगितलं होतं, पण मला उद्या ऑफिस होतं.

"किती वर ठेवलंय?"

"चारशे."

खुर्ची करकरली. "चारशे? अहो, ओव्हन आहे का बॉयलर?"

"फॅरनहाइट मामा. आपले दोनशे चार."

"मग गेली की साखर!" आणि मग फ्रीजला उद्देशून, पण मला ऐकू येईल असं, त्यांनी सगळं सांगितलं. साखर १८६ अंशाला वितळते आणि तिथून पुढे तिला कुणाचा भरवसा नसतो. कारखान्यात रस उकळतात तो उघड्यावर नाही, पॅनमध्ये निर्वात करून, म्हणजे ६५-७० अंशालाच उकळी फुटते आणि रंग जळत नाही. त्यासाठी पंप लागतात, कंडेन्सर लागतो, पॅनमन लागतो, डोळ्यात तेल घालून बसलेला. "१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना चालू केला तो काय तुम्ही साखर जाळावी म्हणून?"

मी म्हटलं मामा, ही तर बीटाची आहे.

एवढ्यात धूर आला. जाळीवरून गळलेली साखर फॉइलला एक भोक होतं त्यातून थेट ओव्हनच्या तळाला गेली होती आणि तिथे डांबर झाली होती. मी दार उघडलं, धूर छताकडे गेला आणि अलार्म किंचाळायला लागला. इथले अलार्म नुसते वाजत नाहीत, मध्येच बाईच्या आवाजात 'फायर! फायर!' असं ओरडतात. मी टॉवेल घेऊन स्टुलावर चढलो, वरून सासूबाईंनी पांडुरंगाला हाक मारली, बायको कॉलवर कुणाला तरी सॉरी सॉरी म्हणत होती. आणि मामा? मामांनी शांतपणे मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"दहा वीस," ते म्हणाले. "ही कुठली पाळी?"

चौतीस वर्षं भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, भोंग्यावर पोरांना शाळेत धाडलं. त्यांना यात काही चुकीचं वाटलं नाही, फक्त भोंगा चार, बारा आणि आठ सोडून वाजला एवढीच तक्रार होती.

पहिल्या बारा पट्ट्या कचऱ्यात गेल्या. दुसऱ्या घाण्याच्या वेळी मामांनी सूत्रं हातात घेतली. ओव्हन ३५० वर आणला, आणि मला दार न उघडता काचेतून बघून सांगायला बसवलं. ते बघणार नव्हते. मी ओव्हनसमोर उकिडवा, ते माझ्याकडे पाठ करून, आणि आकाशवाणीवर क्रिकेट चालावं तसं आमचं चाललं.

"फेस आहे?"

"आहे."

"बारीक का मोठा?"

"मामा, चरबी उकळतीये, त्यात साखर..."

"चरबीचं मला सांगू नका. साखरेचं सांगा."

"मोठा."

"म्हणजे पाणी आहे अजून. रंग?"

"तपकिरी."

"तपकिरी म्हणजे काय? काकवीचा, गुळाचा का मळीचा?"

"गुळाचा."

"कोल्हापुरी का कऱ्हाडी?"

"मामा, मला नाही कळत."

"मग बघायला कशाला बसलाय?"

थोड्या वेळाने त्यांना गुळव्या आठवला. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. गावात एक होता म्हणे, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायचा, ती परातीवर आपटायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, काढा. त्याच्यापुढे आमच्या लॅबमधली यंत्रं पोरखेळ, मामा म्हणाले. वाटीत गार पाणी घ्या.

मी घेतलं. ट्रेमधला एक थेंब चमच्याने टाकला.

"गोळी झाली?"

"झाली. पण वर तवंग आलाय."

"कशाचा?"

मी गप्प.

"बरं," मामा म्हणाले. "तवंग सोडा. गोळी आपटा."

रात्री साडेअकरा वाजता मी डुकराच्या चरबीतली साखरेची गोळी स्टीलच्या ताटलीवर आपटली. टण्ण.

"काढा," मामा म्हणाले.

आणि खरं सांगतो, त्या बारा पट्ट्या अशा झाल्या होत्या की बस. एक उचलून दिव्यासमोर धरली तर साखरेच्या थरातून पलीकडचं दिसत होतं, मधे मिरीचे कण अडकलेले, कडा आत वळलेल्या. मी आनंदाने मान वर केली तेव्हा माझं लक्ष फ्रीजशेजारच्या मायक्रोवेव्हकडे गेलं. त्याचं दार काळ्या काचेचं आहे. त्यात ओव्हन स्वच्छ दिसत होता. मीही दिसत होतो. मामा त्या काचेकडे टक लावून बसले होते, बहुधा पहिल्यापासून. प्रतिबिंबाला माळ आडवी येत नसावी.

मी काही बोललो नाही.

गरम गरम डब्यात भरायला निघालो तर ओरडले. गरम साखर पोत्यात भरली की ढेकूळ होतं, पहिल्या वर्षी शिकाऊ पोराला हे सांगतात. पंखा लावा. म्हणून डिसेंबरमध्ये, बाहेर बर्फ असताना, आमच्या स्वयंपाकघरात बेकनवर टेबल फॅन फिरत होता. तिसरा घाणा, चौथा घाणा. पावणेदोनला छत्तीस पट्ट्या डब्यात गेल्या. मधल्या वेळात मला साखरेचा उतारा म्हणजे काय हे समजावलं गेलं. शंभर किलो ऊस गाळला की किती किलो साखर हाती लागते, तो उतारा. आमच्या कारखान्याचा एका हंगामात साडेबारा टक्के लागला होता, मामा म्हणाले, आणि चेअरमननी पेढे वाटले होते. साखर कारखान्यात पेढे.

हे सगळं त्या हिरव्या पानासाठी.

मी पंधरा मिनिटं उशिरा पोचलो. ट्रे आधीच रिसेप्शनवर दिला होता, बाईंनी मांडून ठेवला होता. आमच्या टीममध्ये एक खराखुरा शाकाहारी आहे, कांदा-लसूणही न खाणारा. तो प्लेटमध्ये दोन पट्ट्या घेऊन निघाला होता, पान बघून, विश्वासाने. मी अक्षरशः धावलो. प्लेट हिसकली. सगळ्यांनी बघितलं. त्याला सांगितलं तर तो पांढरा पडला, मग हात धुवायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही. खाल्लं नव्हतं त्याने, तरीही.

बाई आल्या. "अरे देवा, हे खरं आहे? मला वाटलं तू सोयाचं केलंस. किती विचारी माणूस, असं मी सगळ्यांना सांगितलं!"

सगळ्यांना सांगितलं होतं. ते माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणजे ज्यांनी एरवी बेकनवर झडप घातली असती ते सगळे ट्रेला वळसा घालून पुढे जात होते, कारण सोयाचं बेकन कोण खातं? आणि जे सोयाचं खातात त्यांना आता खरं कळलं होतं. मी बाईंना म्हणालो, मी शाकाहारी नाही, कधीच नव्हतो. त्या म्हणाल्या, पण तू तो रॅप इतक्या आवडीने खातोस!

अकरा वर्षं, दर मीटिंगला. यात माझीही चूक आहे, मान्य. पण मला एकदा विचारलं असतं तर? 'तू काय खातोस?' तीन शब्द. आडनावावरून माझा धर्म, जात, पोटाचा आकार सगळं ठरवून मोकळे, आणि वर पुन्हा विचारी माणूस. मंडळाच्या गणपतीत उलट. तिथे मी 'तिकडं सगळं खातो' म्हणून आरतीच्या ताटाला हात लावताना दोन काकू माझ्याकडे बघतात. मी आरतीच्या ताटाला बेकन लावणार आहे का?

बाईंनी स्केचपेन आणून 'व्हेजिटेरियन'वर काट मारली आणि वर 'नॉट' लिहिलं. पान तसंच ठेवलं. पान खोडायला पेन जाड होतं म्हणे.

संध्याकाळी ट्रे घेऊन घरी आलो. मामा दिवाणखान्यात टीव्हीसमोर होते, मान न वळवता त्यांनी विचारलं, "पाणी सुटलं का साखरेला?"

"नाही मामा. शेवटपर्यंत कुरकुरीत होती."

"मग आवाज असा का?"

"छत्तीसातल्या पाचच गेल्या." त्यातल्या तीन गाडीत मी खाल्ल्या होत्या, ते सांगायची गरज नव्हती.

मामांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग खाडकन माझ्याकडे वळले, पहिल्यांदाच, हातात ट्रे असताना.

"छत्तीसाला पाच म्हणजे पावणेचौदाच्या वर. जावईबापू, एवढा उतारा आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पडत न्हाई!"