आपल्याच बॅट्समनला पायचीत दिलं तर

शेवटची विकेट पडून तास उलटला होता, तरी कट्ट्यावर हरल्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. विषय एकच : दादांचं बोट.

मॅच न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्यांचे १६२. आम्ही सात बाद १४९. आमचा ओपनर ६१ वर सेट, ओव्हर्स शिल्लक, हव्या होत्या फक्त १४ धावा. बाद होऊन आलेले दादा अंपायर म्हणून उभे होते, कारण आमच्या मॅचेसमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमचीच दोन माणसं अंपायरिंग करतात. त्यांच्या मीडियम पेसरचा एक चेंडू आत आला, थोडा खाली राहिला आणि ओपनरच्या मागच्या पॅडवर आदळला. अपील झालं. दादा क्षणभर थांबले आणि त्यांनी बोट वर केलं : पायचीत, म्हणजे स्टंपवर जाणारा चेंडू पायाने अडवला म्हणून बाद. पुढच्या पाच धावांत उरलेले दोघेही गेले आणि आम्ही आठ धावांनी हरलो.

"दादा, तो लेगला चालला होता," ओपनर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण पॅड अजून सोडले नव्हते.

"तू होतास क्रीजमध्ये, मागच्या पायावर," दादा म्हणाले. "क्रीजपासून स्टंप चार फूट. तुझा पाय त्याच्याही आत, म्हणजे उरले तीन. टप्पा ऑफ स्टंपच्या लाइनीत, पॅडला लागला मिडलसमोर. टप्प्यापासून तुझ्या पायापर्यंत पंधरा-सोळा फुटांत तो चार इंच आत आला. मग राहिलेल्या तीन फुटांत आणखी किती येणार? फार तर एक इंच. मिडलच्या मध्यापासून लेग स्टंपच्या बाहेरच्या कडेपर्यंत साडेचार इंच असतात. तो लेगला जाणार कसा?"

ओपनरने मान हलवली नाही, पण वादही घातला नाही. मी स्कोअरर, सीमारेषेवर बाजूला बसलेला. तिथून लाइन दिसत नाही, तेव्हा लाइनबद्दल मी बोलणार नाही. उंची मात्र बाजूनेच नीट कळते. चेंडू गुडघ्याच्या बराच खाली लागला होता, स्टंपवरून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

कॅप्टन या हिशेबाने विरघळणारा नव्हता. "आउट होता की नव्हता, हा मुद्दाच नाही. सकाळी आपण तीन वेळा गळा फाडून अपील केलं. त्यांच्या अंपायरने एक तरी दिला?"

"एक तर शंभर टक्के आउट होता," कीपर म्हणाला. "मी स्टंपच्या मागेच होतो."

"मग? ते देणार नाहीत आणि आपण देणार, असं कसं चालेल? अरे, टेस्ट क्रिकेटमध्येसुद्धा घरच्या अंपायरवर भरवसा नव्हता. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज टेस्टला आपले भारतीय अंपायर पिलू रिपोर्टर आणि रामस्वामी उभे राहिले होते, ते कशासाठी? आणि आपण दादांकडून अपेक्षा करतोय की त्यांनी स्वतःच्या टीमला हरवावं! त्यापेक्षा दोन्ही कॅप्टननी टॉसलाच ठरवून टाकावं : पायचीत बंद. बोल्ड, कॅच, रनआउट, स्टंपिंग, झालं."

दोघांतिघांनी माना डोलावल्या. बऱ्याच ठिकाणी असं ठरवूनच खेळतात. भांडण नको, एवढाच त्यामागचा हेतू.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला आमचा लेगस्पिनर बोलला. टीममध्ये सगळ्यांत लहान, त्यामुळे त्याला सहसा कोणी विचारत नाही. "मी गुगली, ती लेगस्पिनसारखी दिसून उलट वळणारी, टाकायची सोडून दिलीये, कॅप्टन. तुमच्या लक्षात आलंय का? टाकून उपयोग काय? ज्याला ती कळत नाही तो नुसता पाय पुढे घालून उभा राहतो. शॉट मारायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. ऑफच्या बाहेर लागला आणि शॉट खेळला नसेल, तरी चेंडू स्टंपवर जात असेल तर आउट, असं नियम सांगतो. पण देतो कोण?"

मला वाटतं, दिवसभरातली सगळ्यांत खरी गोष्ट तो बोलला. पायचीतचा नियम १७७४ मध्ये आला तोच मुळी बॅट्समन स्टंप वाचवायला मुद्दाम पाय आडवा घालत होते म्हणून. तो नियम काढला की आपण सरळ त्याच्याही मागे जातो. नुकसान कोणाचं? सुसाट वेगाने टाकणाऱ्याचं फारसं नाही, तो दांडी उडवतो. मरतो तो आत चेंडू आणणारा, मरतो तो स्पिनर. आणि बॅट्समनही बिघडतो. पॅडने खेळायची सवय एकदा लागली की बॅट पुढे येतच नाही. माझ्या स्कोअरबुकात आमच्या लेगस्पिनरच्या नावापुढे पायचीतची एकही नोंद नाही. त्याची बॉलिंग मी पाहतो, त्यामुळे ते कोरं पान मला बोचतं.

कॅप्टनची तक्रार खोटी नाही. एकाच बाजूने प्रामाणिकपणा दाखवला तर ती बाजू मार खाते, हे आज सगळ्यांनी पाहिलं. पण त्यावर उपाय म्हणून नियमच मोडीत काढणं मला अजिबात पटत नाही. दादांनी शंका असताना बोट वर केलं असतं तर मीही भांडलो असतो. संशयाचा फायदा बॅट्समनलाच. इथे संशय नव्हता.

"पुढच्या मॅचला दादा अंपायर नकोत," कॅप्टनने शेवटी जाहीर केलं.

"मग मी उभा राहतो," कीपर म्हणाला. "पण समोर लागला तर मीही देणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"तिसऱ्या टीमची माणसं बोलवा ना," ओपनर पॅडचे पट्टे सोडत म्हणाला. "त्यांच्या मॅचला आपण दोघं जाऊ. मी जातो."

यावर कॅप्टन जरा थांबला. मग विचारलं, "त्यांनी सेट बॅट्समनला दिला तर?"

"तर आउट," ओपनर म्हणाला आणि दादांकडे वळला. "दादा, तो चेंडू पुढच्या पायावर खेळायला हवा होता का?"

दादा उठले, गार्ड घेतल्यासारखे उभे राहिले आणि पुढचा पाय नेमका कुठे पडायला हवा होता ते दाखवू लागले. कॅप्टनचं तिसऱ्या टीमबद्दलचं बोलणं मात्र अजून संपलं नव्हतं.