प्लाझ्मात गॅस भरायचा नसतो

जुन्या प्लाझ्मा टीव्हीबद्दलचा एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन थडकला. म्हणणं असं की पडद्यातला गॅस हळूहळू गळतो, म्हणून काळा रंग करडा पडतो. गॅस पुन्हा भरून घ्या, तोवर ब्राइटनेस उतरवून भागवा. आणि सगळेच प्लाझ्मा दोन-तीन वर्षांत असे बाद होतात.

काळा करडा पडतो, एवढं खरं. पुढचं सगळं फोल.

आधी गॅस. पॅनेलमध्ये दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन-झेनॉनचं मिश्रण असतं, तेही बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचं. त्यामुळे काच तडकलीच तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत घुसते आणि कप्पे पेटेनासे होतात. मग काळ्याची कसली चिंता, चित्रच जातं. फ्रिजसारखं इथे पुन्हा भरता येत नाही, कारण भरायची नळी कारखान्यातच वितळवून बंद केलेली असते. कोणी ‘गॅस मारून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

मग करडेपणा येतो कुठून? प्लाझ्माचा काळा मुळातच पुरता काळा नसतो. हुकूम मिळताच कप्पा पेटावा म्हणून त्याला सतत छोटे विद्युत-धक्के देऊन तयार ठेवावं लागतं आणि त्या धक्क्यांचा अंधुक उजेड पडतो. आपण ज्याला काळा म्हणतो तो हाच उजेड. वापराचे तास वाढतात तशी कप्प्यातली, विशेषतः आतून दिलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या संरक्षक थराची, अवस्था बदलते. व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर काही कप्पे चुकीचे पेटण्याची भीती असते. म्हणून टीव्ही स्वतःच तास मोजतो आणि ठरलेल्या टप्प्यांवर व्होल्टेज चढवतो. त्याबरोबर तो अंधुक उजेडही चढतो.

हा माझा तर्क नाही. 2010च्या सुरुवातीला अमेरिकेत पॅनासॉनिकच्या व्हिएरा प्लाझ्मा टीव्हींच्या ग्राहकांनी काही महिन्यांतच काळा उजळल्याची ओरड केली, तेव्हा कंपनीने हे आपोआप चढणारं व्होल्टेज कबूल केलं. प्रकरण कोर्टातही गेलं. लोकांचा राग होता तो विकताना हे सांगितलं नाही याचा. गॅसचा त्यात संबंधच नव्हता.

‘दोन-तीन वर्षांत बाद’ हेही त्यातूनच सुटलेलं शेपूट. त्याच खुलाशात कंपनी म्हणत होती की नव्या मॉडेलांत व्होल्टेज लहान पायऱ्यांनी, जास्त काळात चढेल. म्हणजे किती आणि किती लवकर, हे मॉडेलवर आहे. शिवाय हिशोब बघा. 40,000:1 कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पांढरा काळ्याच्या 40,000 पट उजळ असलेल्या सेटचा काळा दुप्पट उजळला तरी 20,000:1 उरतात. त्या काळातले एलसीडी पॅनेल बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) न मंदावता काही हजारांच्या पुढे जात नसत. दिवे लावलेल्या हॉलमध्ये हा फरक कोणाला दिसणारही नाही. अंधारात सिनेमा बघणाऱ्याला मात्र दिसतो आणि त्याची चिडचिड रास्त आहे.

राहिला ब्राइटनेस. आमच्याकडे 42 इंची प्लाझ्मा अजून चालू आहे. एका रात्री दिवे मालवून सिनेमा लावला, तर वर-खालचे काळे पट्टे धुक्यासारखे. बायको म्हणाली, “अहो, हे पट्टे आधीपासून असेच होते का?” मी ब्राइटनेस उतरवत गेलो. पट्टे तस्सेच, पण नायकाच्या काळ्या कोटाच्या चुण्या गायब आणि केसांचा नुसता गोळा. साहजिकच आहे. ते बटण चित्रातल्या सावल्या बुडवतं, पॅनेलच्या त्या उजेडाला हातही लावत नाही.

ब्राइटनेस होता तिथे आणला आणि टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावला. पट्टे आहेत तेवढेच उजळ आहेत, डोळ्याला मात्र काळे दिसतात.