भिंत पडली म्हणून सहा हजारांवर सही करू नका

कोणाच्या गाडीने तुमचं कंपाउंड, दुकानाचं शटर, टपरी किंवा उभी गाडी फोडली तर काय करावं, हे सांगणारा एक मेसेज सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, सार असं: थर्ड पार्टी विमा फक्त मेलेल्या किंवा जखमी माणसांसाठी असतो. मालमत्तेचं नुकसान झालं तर कायद्याने फार तर सहा हजार मिळतात. कोणी जखमी नसेल तर पोलीस तक्रार घेत नाहीत. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तर विमा कंपनी सुटते. स्वतःच्या विम्यातून पैसे घेतले की समोरच्यावरचा हक्क संपतो. आणि कोर्टात आयुष्य जातं. म्हणून जागेवर जे मिळेल ते घ्या आणि मोकळे व्हा.

या सल्ल्यामुळे लोक लाखाच्या नुकसानीसाठी दहा-पंधरा हजारांवर सही करून देतात. ज्याची भिंत पडली तो गांगरलेला असतो आणि ट्रकमालकाचा माणूस अशा वाटाघाटींत मुरलेला असतो. त्यात हा मेसेज कोणाच्या बाजूने काम करतो ते उघड आहे. मला याचा राग येतो, कारण फसतो तो बहुतेक वेळा छोटा दुकानदार किंवा आयुष्यभराच्या बचतीतून घर बांधलेला माणूस.

‘विमा फक्त माणसांसाठी.’ साफ चूक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४७: सार्वजनिक ठिकाणी वाहनाच्या वापरातून त्रयस्थाच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या, मालमत्तेचं झालेलं नुकसान सक्तीच्या विम्यात येतं. मालमत्ता म्हणजे काय हे कलम १४५ सांगतं आणि त्यात रस्ते, पूल, झाडं, खांब, मैलाचे दगडसुद्धा आहेत. सरकारचा खांब पडला तर सरकार भरपाई मागतं. तुमची भिंत पडली तर तुम्ही का मागू नये? कलम १६५ ने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला मालमत्तेचे दावे चालवण्याचा अधिकार दिला आहे, आणि कलम १६६ प्रमाणे मालमत्तेचा मालक स्वतः अर्ज करू शकतो.

सोसायटीच्या आवारात किंवा पेट्रोल पंपावर नुकसान झालं तर ‘ही खासगी जागा आहे, सार्वजनिक नाही’ असं ऐकवलं जातं. ऐंशीच्या दशकातच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगून ठेवलं आहे की जागा खासगी मालकीची असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मोकळा असो की नियंत्रित, तर या कायद्यापुरती ती सार्वजनिक जागाच.

आता सहा हजार. मेसेजमधला हाच मुद्दा लोकांच्या मनात घट्ट बसला आहे, कारण आकडा हवेतून आलेला नाही. १९८८ च्या कायद्यात विमा कंपनीची मालमत्तेपुरती किमान सक्तीची जबाबदारी सहा हजार रुपयेच होती. पण ती विमा कंपनीसाठी होती, तुमच्या नुकसानीची किंमत कायद्याने कधीच सहा हजारांवर बांधली नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीत कलम १४७ नव्याने लिहिलं गेलं, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं, आणि त्यात हा आकडा नाही.

प्रत्यक्ष पॉलिसीत तर चित्र त्याआधीपासूनच वेगळं आहे. वाहन विम्याच्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या दर-नियमांप्रमाणे, दुचाकीसाठी ही मर्यादा एक लाख आणि कार, ट्रक, टेम्पोसारख्या इतर वाहनांसाठी साडेसात लाख असते. मालकाने मुद्दाम मागितली तरच ती सहा हजारांवर आणली जाते, आणि त्याबदल्यात हप्त्यात सूट मिळते. सूट किती? कारला शंभर रुपये, दुचाकीला पन्नास. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी आजच आपली पॉलिसी उघडून ‘टीपीपीडी’ (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज, म्हणजे त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसान) समोरचा आकडा बघावा. शंभर रुपये वाचवण्यासाठी एजंटने तिथे सहा हजार करून ठेवले असतील, तर उद्या तुमच्या गाडीने कोणाचं शोरूम फोडलं की उरलेले सगळे पैसे तुमच्या खिशातून जातील.

इथे दोन गोष्टी नुकसान झालेल्यानेही ध्यानात ठेवायच्या. साडेसात लाखांची मर्यादा एका अपघातासाठी एकत्रित असते. एका कंटेनरने चार दुकानं आणि पाच गाड्या चिरडल्या तर सगळ्यांचे दावे त्याच रकमेत बसवायचे असतात. पण मर्यादेवरची रक्कम बुडीत जात नाही. ती वाहनमालकाने आणि चालकाने द्यायची असते. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावरही पैसे दिले नाहीत, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र जातं आणि रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल होते. गाडीचा विमाच नसेल तरी हा रस्ता खुला असतो. महामंडळाच्या एसटीने धडक दिली असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका. अशा परिवहन संस्थांना कायद्याने सक्तीच्या विम्यातून सूट मिळू शकते, दावा थेट महामंडळावर करायचा असतो.

पोलिसांबद्दलच्या मुद्द्यात अनुभवाचा अंश आहे, हे मान्य करायला हवं. ‘कोणाला लागलं नाही ना, मग आपसात मिटवा’ हे ठाण्यात खरंच ऐकायला मिळतं. पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे, त्याला कोणी जखमी व्हावं लागत नाही. ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांकडे. त्याहून महत्त्वाचं, एफआयआर नसला म्हणून न्यायाधिकरण दावा फेकून देत नाही. तिथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. तरीही स्थळ पंचनाम्यासाठी आग्रह धरा. गाडी हलवण्याआधीचे नंबर प्लेटसकट फोटो आणि पंचनामा एवढं हातात असेल तर पुढचं निम्मं काम झालेलं असतं.

लायसन्सचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच निकाली काढला आहे. तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की लायसन्सचा दोष हा विमा कंपनी आणि वाहनमालक यांच्यातला वाद आहे. त्रयस्थाला पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देता येते. वकील मंडळी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. दोष नेमका काय आणि मालकाला तो ठाऊक होता का, यावर निकाल थोडा इकडेतिकडे होतो. पण ‘लायसन्स नाही म्हणजे काहीच नाही’ हे खोटं.

स्वतःच्या विम्याबद्दल मेसेज अर्धवट बोलतो. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, हे बरोबर. तुमच्या कंपनीने गाडीची दुरुस्ती करून दिली, तर तेवढ्या रकमेपुरता समोरच्याकडून वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. पण घसाऱ्यापोटी कापलेले पैसे, सक्तीची वजावट, म्हणजे जे तुमच्या खिशातून गेलं, ते मागण्याचा मार्ग बंद होत नाही. फक्त दावा निकाली काढताना ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर काय लिहिलंय ते न वाचता सही केली, तर तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. आणि स्वतःच्या विम्यातून घेतलं की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर किरकोळ दुरुस्तीसाठी घालवण्याआधी हिशेब करा.

राहिला वेळेचा प्रश्न. न्यायाधिकरणात वेळ लागतो, हे कोणी नाकारू नये. मालमत्तेच्या दाव्यात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीला कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता जी ठरावीक भरपाई मिळते, ती भिंतीला मिळत नाही. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार अशी योजना आहे, मालमत्तेला तीही नाही. धडक देणाऱ्या ट्रकमधला माल किंवा त्या गाडीमालकाची स्वतःची मालमत्ता त्रयस्थ विम्यात येत नाही. या खऱ्या मर्यादा मेसेजमध्ये कुठेच नाहीत, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पण ‘आयुष्य जातं’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की ट्रक राजस्थानचा असला तरी दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, कलम १६६ तशी सोय देतं. रकमेवर व्याज मिळू शकतं. आणि लोकअदालतीत असे दावे तडजोडीने मिटतात, तिथल्या निवाड्यावर अपील नसल्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत. कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तिच्या वैधतेवर वाद घालता येईल, पण तुम्ही सहा महिन्यांच्या आतच अर्ज करा.

कागद कोणते लागतात? मालकी दाखवणारी कर पावती किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा, दुकान भाड्याचं असेल तर भाडेकरार, जाणकार अभियंत्याचं अंदाजपत्रक, दुरुस्तीची पक्की बिलं. मिस्त्रीने कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत उडवतो. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ सेवेवर टाकला की विम्याची माहिती बघता येते. तिथे न मिळाल्यास कलम १६० प्रमाणे पोलिसांनी किंवा आरटीओने ती दावेदाराला द्यायची असते.

जागेवर मिटवणं नेहमीच चूक, असं मी म्हणणार नाही. बंपर चेपला, दोन फरशा फुटल्या, समोरचा भला माणूस आहे, तर खुशाल मिटवा. पण आकडा अंदाजपत्रक हातात आल्यावर ठरवा आणि पैसे बँक खात्यातून घ्या. तातडीने थोडे घ्यायची वेळ आलीच तर पावतीवर स्पष्ट लिहा: ‘नुकसानभरपाईपोटी अंशतः मिळाले, उर्वरित रकमेचा हक्क राखून.’ ते लिहू द्यायला समोरचा तयार नसेल, तर पैसेही घेऊ नका आणि सहीही करू नका.