मिठी मारा, पण गोळ्या फेकू नका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी, नळाला पाणी यायच्या आधीच, फॉरवर्ड येऊन पडला: '२० सेकंद मिठी मारा. ऑक्सिटोसिन पाझरतं, मेंदूभर पसरतं आणि ताणाचं एन्झाइम बंद करतं. गोळ्या फेकून द्या.' खाली हात जोडलेल्यांची रांग. मिठीबद्दल तक्रार नाही, बाकीच्याबद्दल आहे.

एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं भराभर उरकणारं प्रथिन; 'ताणाचं एन्झाइम' असं एकच एक काही नसतं. ऑक्सिटोसिन हे हार्मोन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची चिमुकली साखळी. ती पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, रिसेप्टर आतल्या जी-प्रोटीन नावाच्या निरोप्याला जागं करतो आणि पुढे कुठलं एन्झाइम पळवायचं, कुठलं रोखायचं हे त्या प्रोटीनच्या जातीवर ठरतं. ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर मुख्यतः फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम चालू करतो. चालू, बंद नव्हे! त्यातून पेशीत कॅल्शियम सुटतं. गर्भाशयाचा स्नायू याच वाटेने आवळतो, म्हणून बाळंतपणात कळा वाढवायला हेच सलाइनमधून देतात. त्या बाईला विचारा, ताण गेला का.

'मेंदूभर' हेही खोटं. रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत जेमतेम शिरतं. मेंदू आपलं आपण, हायपोथॅलॅमस नावाच्या आपल्याच एका भागात बनवतो. उंदरांच्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागात, ते काही पेशींना उत्तेजित करतं, पण त्या पेशींचं काम शेजारणींना गप्प करणं, म्हणून भीती उतरते. जागा बदलली की अर्थ बदलला. दादरच्या पुलावर नुसतं 'फास्ट आली' ऐकून कोणी धावतं का? विरारची की कल्याणची ते बघावं लागतं.

आता 'गोळ्या फेका'. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आहे. तिथे ताणाच्या वेळचं सीआरएफ हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमचं काम वाढवतं, तर एन्केफॅलिन हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक तेच दाबतं. मॉर्फिनही एन्केफॅलिनच्याच दारातून शिरतं. ते रोज मिळू लागलं की पेशी हट्टाने हे एन्झाइम वाढवून ठेवतात. एकदम थांबवलं की सगळं उसळतं, घाम, धडधड, तगमग. ताणावरच्या गोळ्यांची रसायनं वेगळी, पण त्यांतल्याही बऱ्याच एकदम सोडल्या की त्रास देतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात तो उगाच नाही.

फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांना हे लिफ्टमध्ये सांगितलं. म्हणाले, "म्हणजे मिठी मारायची नाही?"

मारा की काका. आणि गोळी घेतलीत का आज?