आधी खेळ घ्या, पाणी येईलच

मे महिना लागला, पारा 45 च्या पुढे गेला आणि तुमच्या घरात अजून तरंगत्या नेमबाजीचा खेळ आला नसेल, तर पाहुण्यारावळ्यांत तुमची काय पत उरली असेल ते तुम्हीच ठरवा. वस्तू सोपी आहे. पीव्हीसीचा, हवा भरून फुगवायचा एक रंगीत बोर्ड. त्याला पाच-सहा भोकं आणि भोकांवर आकडे. कडेला 10, मग 20, 30 आणि मधोमध 100. बोर्ड पाण्यावर सोडायचा, आपण चार हात लांब उभं राहायचं आणि चेंडू, कड्या नाहीतर छोट्या पिशव्या भोकांत टाकायच्या. बस्स. पोहता यावं लागत नाही, पळावं लागत नाही, पोट आत घ्यावं लागत नाही. आपल्याकडच्या बागायतदार मंडळींकडे बघूनच कोणीतरी हा खेळ काढला असणार.

काढला मात्र अमेरिकेच्या अंगणातल्या एका खेळावरून. त्याला कॉर्नहोल म्हणतात. चार फूट लांब, दोन फूट रुंद असा लाकडी उतरता बोर्ड, त्याच्या वरच्या अंगाला सहा इंचांचं भोक, आणि असे दोन बोर्ड 27 फुटांवर समोरासमोर. साधारण 450 ग्रॅमची पिशवी भोकात गेली तर 3 गुण, बोर्डावर टिकली तर 1, आणि 21 झाले की डाव संपला. त्या पिशव्यांत पूर्वी मक्याचे दाणे भरत. पाण्यातल्या खेळात दाण्यांच्या जागी प्लास्टिकच्या गोळ्या येतात. पण प्लास्टिकला पैसे कशाला घालवायचे? मका आपल्याकडे पोत्यांनी पडलेला आहे. पिशवी उसवली की घरचाच भरा. एका दिवसात दाणा फुगेल, तीन-चार दिवसांत मोड येतील, आणि भाव नाही म्हणून पडून राहिलेल्या मक्याला भर उन्हाळ्यात ओलीत दिल्याचं पुण्य तुमच्या नावावर जमा होईल.

आता पूल, म्हणजे पोहण्याचा तलाव. तुमच्याकडे तो नसणारच, पण त्याने अडत नाही. ज्या साली बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव चांगला निघाला त्या साली केळीच्या गाड्या रवाना करून मोकळा झालेला एक तरी साडू खान्देशात प्रत्येकाला असतो. तो चोपडा तालुक्यात राहतो असं धरून चालू. त्याने मळ्यात दोन खोल्या बांधल्यात, दारात दोन सिमेंटचे सिंह बसवलेत, आणि मागे 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, छातीएवढा खोल पूल केलाय. पूल कशासाठी केला हे त्यालाही नीटसं सांगता येत नाही. पोहायला त्याला विहीर होती. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून त्याच विहिरीत त्याला ढकलून दिला होता आणि तो पोहायला शिकला होता. पण विहिरीत पोहणाऱ्याचा फोटो काठावरून नीट येत नाही, नुसतं डोकं दिसतं.

या पुलात 60,000 लिटर पाणी मावतं. 10,000 लिटरच्या टँकरने सहा खेपा. 15 लिटरच्या हंड्याने मोजायचं असेल तर 4,000 हंडे, पण हा हिशेब तुम्ही करू नका, आणि घरातल्या बायकांसमोर तर मुळीच करू नका. त्यांना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. आखाजीला आपण पितरांच्या नावाने मातीची घागर भरतो, तिच्यावर डांगर आणि आंबा ठेवतो, सांजोऱ्यांचा निवद दाखवतो. वर्षभराच्या तहानेसाठी गेलेल्या आजोबांना एक घागर. ते बिचारे कधी तक्रार करत नाहीत. जिवंत माणसांनीही त्यांच्यापासून काही शिकायला हरकत नाही.

पूल भरायला टँकरच लागतो असं नाही. तालुक्याच्या गावी घर असेल आणि नळाला आठ दिवसांआड पाणी येत असेल, तर टिल्लू मोटार घ्या. नळ आला की गल्लीत 'पानी उनं का, पानी उनं का' असा पुकारा होतोच. त्याच्या आधी दोन मिनिटं मोटार जोडून ठेवायची. मग पुढच्या तीन घरांच्या नळातून नुसती फुसफुस हवा येते. ती हवाही वाया घालवू नका, बोर्ड फुगवायला उपयोगी पडेल. शेजारीण भांडायला आली तर रविवारी तिच्या पोरांना खेळायला बोलवा. आंघोळही होऊन जाईल त्यांची.

बोर्ड फुगवण्याबद्दल दोन शब्द. खोक्यात हाताचा पंप नसतो आणि तोंडाने फुगवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून आपली माणसं बोर्ड थेट हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे नेतात. त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो. त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या दाबातही या खेळण्याचं भागतं, पण एवढं कमी सांगायची आपल्याला लाज वाटते. 'भर भो, टम्म भर' असंच सांगा. सकाळच्या 30 अंशांत टम्म भरलेली हवा दुपारी 50 अंशांना तापली की सहा-सात टक्क्यांनी जास्त जागा मागते. ती जागा बोर्डात नसते. मग ती शिवणीतून बाहेर पडते, आणि जो आवाज होतो तो ऐकून झाडाखाली निजलेले सगळे पाहुणे एकदम उठून बसतात. त्यानंतर सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन लावून ठिगळ मारायचं. ते रबराचं असतं, पीव्हीसीला धरत नाही, त्यामुळे ठिगळ पाण्यात सुटतं आणि बोर्डाच्या आधी भोवऱ्यात फिरू लागतं. त्याला नेम धरून मारलंत तरी चालेल, गुण तुमचेच.

खेळायची वेळ दुपारी बारा ते चार हीच ठेवा. सकाळी पाणी गार असतं, तेव्हा कोणालाही मजा येते, त्यात कसब नाही. दुपारी काठावरची फरशी अशी तापते की पाहुणे अनवाणी नाचत नाचत येतात, आणि पुलातलं पाणी उनपदेवच्या झऱ्याची आठवण करून देतं. उनपदेव तिथून फार लांब नाही, तिथे गरम पाण्याला श्रद्धा लागते, इथे एंट्री फुकट आहे. हवेत ओलावा नाही, झळा चालूच, त्यामुळे पाणी उडतं. पुलाची पातळी दिवसाला एक सेंटिमीटर जरी उतरली तरी 500 लिटर गेले. म्हणजे कोणी काही न पिता, न धुता, न शिंपता रोज तेहतीस हंडे आकाशात. साडूला हे सांगितलं की तो समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, 'पाऊस त्याचाच तर पडतो ना भो.'

खेळताना एक अडचण येते, तिची आधीच कल्पना देतो. बोर्ड एका जागी राहत नाही. तुम्ही हात मागे नेला की छातीपुढचं पाणी हलतं, बोर्ड दोन फूट सरकतो. फिल्टर चालू असेल तर तो हळूहळू ओढीच्या तोंडाशी जाऊन कोपऱ्यात चिकटतो. फिल्टर बहुधा चालू नसतो, कारण मळ्यातली थ्री फेज रात्री दीडला येते, पण वारा असतोच. आपल्याकडे मेच्या शेवटाला वादळ येतं तेव्हा घडाला आलेली केळी आडवी होतात, तिथे अर्ध्या किलोच्या प्लास्टिकचं काय. बोर्डाला दोरी लावून तळाशी वीट बांधा असं माहितीपत्रकात नाही, पण बांधा. नाही बांधलीत तर शेजारच्या बागेत जाऊन, पडलेल्या खोडांमध्ये उभं राहून, ज्याचं वर्षाचं पीक तासाभरात गेलंय त्या माणसाला विचारावं लागेल, 'आमचा शंभरवाला इकडे आला का?' विचारताना शक्यतो अंगावर कोरडे कपडे असावेत.

जेवण पाण्यातच करा. कळण्याची भाकरी हातात आणि शेवभाजीची वाटी बोर्डाच्या 30 च्या भोकात. ती तिथे बरोब्बर बसते, जणू मापच घेतलं होतं. पहिल्याच कडीला वाटी उलटते. तर्रीचा लाल तवंग पाण्यावर पसरत पसरत जातो, शेव फुगून तरंगते, आणि छातीच्या केसांत अडकते. क्लोरीन टाकण्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून ज्यांना काळजी वाटते त्यांनी वाटू देऊ नये, इतकं तिखट पडल्यावर कुठला जंतू जगतो?

खोक्यावर लिहिलेलं असतं की हे जीव वाचवण्याचं साधन नाही आणि मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच खेळावं. मोठे असतातच की. आखाजीपासून मांडलेला तीन पत्तीचा डाव आंब्याखाली अजून उठलेला नसतो, तिथे ते आहेत, हाक मारली तर 'आलो रे' म्हणतात.

काहींना पूल परवडत नाही, ते बोर्ड शेततळ्यात सोडतात. हा तर उत्तमच बेत. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठं तळं 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल, एवढं मैदान कोणत्या साडूकडे आहे? उतारावर जाड प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ. चेंडू आणायला खाली जाणं एकदम सोपं, पाय ठेवला की माणूस आपोआप जातो. वर येताना त्या प्लास्टिकवर ना बोट रुततं ना टाच, पोहणाराही तिथेच दमतो, आणि उन्हाळ्यातल्या पेपरांत ती चार ओळींची बातमी येते. यावर उपाय म्हणून कोणी तारेचं कुंपण सांगतं, कोणी काठावरून आत सोडलेला गाठींचा दोर, कोणी टायरची फुगवलेली ट्यूब. या तिन्ही फालतू वस्तूंच्या खर्चात आणखी एक बोर्ड येतो, कप ठेवायच्या खळग्यांसकट.

तुम्हाला भेटणारा सगळ्यात त्रासदायक प्रेक्षक म्हणजे घरातला म्हातारा. तो काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहतो, मग विचारतो, 'हाई काय शे रे भो?' तुम्ही समजावून सांगता. तो म्हणतो, 'ढोरेस्ना हौद कोरडा पडेल शे, आनि तुम्ही आठे कड्या फेकी राह्यनात!' आणि मग त्याची फडाची गोष्ट सुरू होते. पांझरा नदीवर साक्रीकडे दगडी बंधारे होते, काही अजून आहेत. तीनशे वर्षं आणि त्याहून जुने. बंधाऱ्यावरून पाट निघायचा, गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कोणाला कधी ते गावाने नेमलेला पाटकरी ठरवायचा. उसाचा फड कोणता आणि भुसाराचा कोणता हे दरसाल बदलायचं. बंधाऱ्याची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची. ऐकताना तुम्ही हं हं करा, पण या व्यवस्थेतला दोष लक्षात घ्या. पाणी सगळ्यांना पाळीने मिळालं तर दाखवायचं कोणाला? शेजाऱ्याचा हौद भरलेला असेल तर तो तुमच्या कुंपणाशी येऊन उभा कशाला राहील? तो उभा राहिला नाही तर तुमच्या 100 च्या भोकाला बघणारं कोण? तिकडे शिरपूर तालुक्यात तर लोकांनी नाले खोल केले, बिनदरवाजाचे सिमेंटचे बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आणलं. पाणी जमिनीत घातलं! जिथे ते कोणाला दिसत नाही!

बायकांनी खेळायचं की नाही हा प्रश्न साडूच्या मळ्यात निघत नाही. त्यांना कोणी नाही म्हटलेलं नाही. फक्त खापरावर मांडे टाकायला कोणीतरी लागतं आणि खापर पाण्यावर तरंगत नाही. एका वहिनींनी ओल्या हाताने एक कडी फेकली होती, ती बोर्डावरून जाऊन पत्त्यांच्या डावात पडली. तेव्हापासून कड्या मोजून डब्यात ठेवतात.

शेवटचं आणि महत्त्वाचं: टँकरवाल्याला खेळू देऊ नका. तो येतो, जाड रबरी पाइप पुलात सोडतो, इंजिन चालू ठेवतो आणि पाणी उतरेपर्यंत अर्धा तास काठावर उभा असतो. त्याला करायला काही नसतं. पाइपच्या धारेने बोर्ड गरगर फिरत असतो, तुमची चार माणसं छातीभर पाण्यात उभी राहून हात दुखेपर्यंत फेकत असतात आणि कोणाचे 10 होत नाहीत. अशात एखादी कडी त्याच्या पायाशी येऊन पडते. तो वाकून उचलतो, बघितलं न बघितलं करून, खालून नुसती भिरकावतो. फिरत्या बोर्डाच्या मधोमध, 100.

सगळे गप्प होतात. अशा वेळी यजमानाने डगमगायचं नाही, ताबडतोब जाहीर करायचं की हा ट्राय बॉल होता. मग खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कोरड्या नोटा काढून त्याच्या हातात द्यायच्या. तो अंगठा ओला करून दोनदा मोजतो, पाइप गुंडाळतो आणि विचारतो, 'उद्या किती वाजता आणू?'